घंटा ओढली एकदाच

माझ्या मामाला बंदरावर सगळे दिवाणजी म्हणतात. पेढीवर तो आयुष्यात कधी बसला नाही. दीपगृहातला दिवा सांभाळायचा, म्हणून कोणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता नवीन येणारी माणसं त्याला खरंच कुठल्यातरी जुन्या व्यापाऱ्याचा कारकून समजतात आणि त्या व्यापाऱ्याच्या वारसांची चौकशी करतात. मामा त्यांची समजूत दुरुस्त करत नाही. यंत्र सोडून त्याने कशाचीच दुरुस्ती केलेली मला माहीत नाही.

मी त्याची सख्खी भाची. दीपगृह बघायला येणाऱ्यांना खिडकीतून तिकिटं फाडून द्यायची हे माझं काम, आणि त्यांना वर नेऊन इतिहास सांगायचा हे मामाचं. निवृत्त झाल्यावरही खात्याने त्याला ठेवून घेतलं, कारण तो तसाही तिथेच राहत होता आणि त्याला जायला सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्हा दोघांत तोंड मला आहे. लोक रांग मोडतात, कोपराने खिडकीची काच ढकलतात, मिशा फुटलेल्या मुलाचं अर्धं तिकीट मागतात. मी सगळ्यांना सुतासारखं सरळ करते. मामा कोणावर आवाज चढवत नाही. तो फार भला आहे म्हणून नाही. त्याला राग येतच नाही.

इतिहास तो न चुकता सांगतो. चांगला सांगतो असं मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही.

"आधी इथे बुरूज नव्हता," पहिल्या पायरीवर उभा राहून तो सुरू करतो. "नुसती टेकडी. व्यापारी लोक लोखंडी टोपलीत लाकडं पेटवायचे. ज्याचं गलबत यायचं असेल त्याने त्या रात्रीची लाकडं द्यायची. ज्याचं यायचं नसेल त्याने घरी झोपायचं. एका रात्री सगळ्यांना वाटलं, आज कोणाचंच येणार नाही. एकाचं आलं. त्यानंतर हा बुरूज बांधला. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे."

गलबत फुटलं तेही आणि दार बुटकं आहे तेही, दोन्ही एकाच सुरात. ऐकणाऱ्यांपैकी एखादी बाई चुकचुकते, तोवर मामा चार पायऱ्या वर गेलेला असतो. चढता चढता तेलाचे दिवे येतात, मग भिंगं येतात. भिंगं परदेशातून पेट्यांत भरून आली, त्यातली एक पेटी होडीतून निसटून चिखलात रुतली, आणि बंदरातले झाडून सगळे हमाल ओहोटीची वाट बघत काठावर बसून राहिले. पेटी उघडली तर काचेला चरासुद्धा नव्हता. मग भिंगांचा तो भलाथोरला पिंजरा फिरता ठेवणारं यंत्र येतं, जुन्या घड्याळासारखं, वजनावर चालणारं. वजन खाली सरकत आलं की चावी फिरवून ते पुन्हा वर घ्यायचं, रात्रभर. त्या काळी धक्क्यावर कापड, साखर, लाकूड यांचे ढीग असत आणि गलबतांना नांगर टाकायला जागा मिळत नसे. मग नदीने गाळ आणला. मोठी जहाजं पलीकडच्या नव्या बंदरात गेली, त्यांच्यामागून व्यापारी गेले, आणि वखारींपैकी एकीत आता सिमेंटची पोती आहेत, एकीत व्यायामशाळा. दिवा मात्र लागत राहिला. कोणासाठी, असं लोक विचारतात. मामा म्हणतो, "लावायचा असतो."

प्रत्येक घोळक्यात एक तरी शहाणा असतो, जो 'दिव्याखाली अंधार' म्हणतो आणि स्वतःच हसतो. त्याला वरून खाली लोटावं असं मला वाटतं. मामा म्हणतो, "हो, तसंच."

शेवटचा थांबा घराच्या स्वयंपाकघराचा. बुरुजाला लागून दीपगृहाच्या माणसाचं घर आहे. खात्याने त्याचंही प्रदर्शन केलं आणि मामाला मागच्या बाजूच्या मदतनिसाच्या खोलीत हलवलं. स्वयंपाकघरात ओटा आहे, चूल आहे, फडताळात घासूनपुसून ठेवलेले पितळी डबे आहेत, आणि भिंतीतून आलेला एक दोर आहे. दोर वर दिव्याच्या खोलीपर्यंत जातो. तिथे घंटा आहे.

"वरच्या माणसाला हाक ऐकू जात नाही," मामा सांगतो. "म्हणून ही घंटा. एक टोल म्हणजे जेवण तयार आहे, हातातलं उरकून या. दोन टोल म्हणजे हातातलं टाकून या. ओढून बघायची तर बघा. पण ओढल्यावर दोर एकदम सोडू नका. हातात धरून सावकाश वर जाऊ द्या."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. लोक दोर ओढतात, फोटो काढतात, डब्यांची झाकणं उघडून बघतात. मामा दाराशी उभा राहून त्यांचं होण्याची वाट बघतो. याच दोराखाली माझी बायको मेली, असं तो कोणाला सांगत नाही.

दिवेलागणीची वेळ होती. दिवा लावून मामा वर यंत्राशी होता, मामी स्वयंपाकघरात, आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, अंगणात खेळत होती. घंटा वाजली. मामा खाली आला तो बऱ्याच वेळाने, फडक्याला हात पुसत. आत जाऊन बघतो तर मामी जमिनीवर, आणि दोर तिच्या डोक्यावर लोंबतोय. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लगेच कोणी पोचलं असतं तर वाचली असती का, तर म्हणाले सांगता येत नाही. असं अर्धवट बोलणाऱ्या डॉक्टरांचा मला संताप येतो. वाचली असती म्हणा, नाहीतर नसती वाचली म्हणा. मधल्या जागेत माणसं जन्मभर अडकून पडतात, त्यांचं काय करायचं?

ताई सगळ्यांना सांगत सुटली, घंटा दोनदा वाजली, मी ऐकली. मामा म्हणाला, एकदाच.

वाद काय तो एवढाच. पण दोनदा असेल तर मामीने जिवाच्या आकांताने बोलावलं आणि नवरा वर बसून राहिला. एकदाच असेल तर तिने जेवायला बोलावलं, आणि तो रोजच्यासारखा काम उरकून आला. जमलेल्या बायकांनी ताईला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, पोर घाबरली आहे, तिला काय कळतंय. ताईला ते लागलं. आई गेली त्याहून जास्त लागलं असं मी म्हणणार नाही, पण ते वेगळ्या जागी लागलं आणि तिथून हललं नाही.

तिला माझ्या आईने आमच्या घरी आणलं. आम्ही एका पांघरुणात झोपलो, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, एकीची पुस्तकं दुसरीने वापरली. मामा सुरुवातीला भेटायला यायचा. ताई मागच्या खोलीत जाऊन कडी लावायची. तो चहा पिऊन, कडी लावलेल्या दाराकडे एकदा बघून निघून जायचा. पुढे येईनासा झाला. ताई शिकली, लांबच्या शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात लागली, चढत चढत तिथली पर्यवेक्षक झाली, लग्न झालं, मुलगा झाला. दीपगृहाकडे तिने पाठ फिरवली ती फिरवलीच.

माणसाला धक्का बसला की तो सुन्न होतो आणि मग हळूहळू ताळ्यावर येतो, असं म्हणतात. मामा पहिल्या पायरीवरच राहिला. दाढ काढून आला तेव्हा मी विचारलं, "दुखतंय का रे?" म्हणाला, "दुखत असेल." एकदा मी मुद्दाम त्याला बिनसाखरेचा चहा दिला. प्यायला. दुसऱ्या दिवशी साखरेऐवजी मीठ घातलं. तोही प्यायला, आणि कप धुऊन पालथा घातला. मग मी नाद सोडला. माझी आई, त्याची पाठची बहीण, गेली तेव्हा तो आला, सगळं केलं आणि दिवेलागणीला परत गेला. दिवा तेव्हा आपोआप लागायला लागून बरीच वर्षं झाली होती. मला तेव्हा त्याचा फार राग आला. आता वाटतं, दुसरीकडे जायचं कुठे हे त्याला माहीतच नव्हतं.

तर अशा माणसापुढे एके दिवशी खात्याचे साहेब आले. म्हणाले, दिवा कायमचा बंद करायचं ठरलं आहे. आता साध्या मचव्यावरच्या माणसाच्याही खिशात रस्ता दाखवणारं यंत्र असतं. इमारत एका कंपनीला चालवायला देणार, ती तिथे उपाहारगृह काढणार. मामाने खोली सोडायची, आणि माझी खिडकी तर जाणारच. मी साहेबांना चार शब्द सुनावले, त्याने काय होणार होतं? मामा म्हणाला, "बरं." साहेबांनी त्याची समजूत घालायची तयारी करून आणली होती, ती तशीच परत न्यावी लागली.

संध्याकाळी मी म्हटलं, "मामा, माझ्याकडे चल. पडवी आहे, तिथे खाट टाकू."

"बघू," तो म्हणाला. मग बराच वेळ चहाच्या कपाचा कान चाचपत बसला आणि म्हणाला, "ताई काय म्हणते?"

इतक्या वर्षांत त्याने तिच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मला वाटायचं, त्याला आठवणच येत नसेल. मी उठले आणि तिथूनच ताईला फोन लावला, मामा ऐकेल म्हणून जरा लांब, बुरुजाच्या सावलीत जाऊन.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "येऊ देत," ती म्हणाली. "मुलगा शिकायला बाहेर गेलाय, त्याची खोली रिकामीच आहे. पण आधी एकदा माझ्यासमोर म्हणायचं, दोनदा वाजली होती. मला माफीबिफी नको, रडारड तर नकोच. मी खोटं बोलले नव्हते, एवढं त्यांनी त्यांच्या तोंडाने म्हणायचं. मग माझ्याकडे शंभर वर्षं राहू देत."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर मग तुझी पडवी आहेच."

मी परत येऊन मामाला जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान हलवली. "एकदाच," तो म्हणाला.

"अरे, म्हण की दोनदा! जीभ झिजणार आहे का तुझी?"

"ओढली एकदाच."

"मामा, तुला मुलगी हवी आहे की घंटा?"

यावर त्याने विचार केला. खरंच केला, मला दिसत होता. "मुलगी," तो म्हणाला.

"मग?"

"पण ओढली एकदाच."

कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, दगडाला पाझर फुटेल पण तुला नाही फुटायचा. मेलेल्या माणसाला आता एक काय आणि दोन काय! जिवंत पोरगी घर उघडून बसली आहे आणि तुझं आपलं एकदाच, एकदाच. त्याने माझं सगळं बोलणं संपू दिलं आणि मग खोलीत जाऊन पिशव्या शोधायला लागला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण पिशव्या लागणारच होत्या.

ताईला मी खरं ते कळवलं. "मीच येते," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर सांगू देत."

दीपगृह बंद होणार म्हटल्यावर लोकांना त्याचा एकदम उमाळा आला होता. शेवटच्या आठवड्यात माझ्या खिडकीपुढे रांग हटेना. त्याच रांगेत ताई उभी होती. केस पांढरे झालेले, हातात छोटी बॅग, चेहरा असा की कारखान्यातल्या मुली टाका चुकवायला धजत नसतील.

"एक द्या," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? जा आत."

"फाड तिकीट. मी काही घरची म्हणून आले नाहीये."

मी फाडलं. तिच्यामागचे लोक ओरडत राहिले तरी खिडकी ओढून घेतली आणि तिच्यामागून गेले. त्या दिवशी मला कोणाची पर्वा नव्हती.

मामा पहिल्या पायरीवर उभा होता. "आधी इथे बुरूज नव्हता," त्याने सुरुवात केली, आणि ताई त्याला दिसली. "आधी इथे बुरूज नव्हता," तो पुन्हा म्हणाला. मग पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. टोपली, गलबत, बुटकं दार. ताई शेवटून दुसरी चालत होती आणि मी तिच्या पाठीमागे. ती मान वर करून प्रत्येक गोष्ट नीट बघत होती, कारखान्यात माल तपासावा तशी. भिंगांच्या खोलीत लोकांनी फोटो काढले. तिने हात मागे बांधून ठेवले होते.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. मी तिच्या पाठीला हात लावला, तो तिने झटकला नाही. मग आत गेली आणि फडताळाला टेकून उभी राहिली.

"एक टोल म्हणजे जेवण तयार आहे, हातातलं उरकून या," मामा सांगत होता. ताईकडे बघत नव्हता. "दोन टोल म्हणजे हातातलं टाकून या. ओढून बघायची तर बघा. पण ओढल्यावर..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक लठ्ठसे गृहस्थ पुढे सरसावले. टोपी बायकोच्या हातात दिली, दोर धरला, जोर लावून ओढला आणि सोडून दिला. वर घंटा वाजली, आणि लगेच पुन्हा वाजली.

"अहो, हे काय!" गृहस्थ म्हणाले. "मी ओढली एकदाच आणि वाजली दोनदा!"

सगळे हसले. त्यांची बायको म्हणाली, "यांचं सगळं असंच, गरजेपेक्षा जास्त." आणखी हसले.

"दोर सोडला की असं होतं," मामा त्याच सुरात म्हणाला. "ओढल्यावर लोलक एका अंगाला लागतो. दोर हातात धरून हळू वर जाऊ दिला तर तो गुमान जागेवर येतो. सोडून दिला तर झटक्याने मागे येतो आणि दुसऱ्या अंगाला लागतो. म्हणून सोडायचा नाही."

मी हे रोज ऐकत होते. रोज कोणीतरी दोर सोडायचा आणि रोज घंटा दोनदा वाजायची, आणि मी खाली खिडकीत बसून लोकांच्या आचरटपणाला शिव्या द्यायचे. ताईने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी तिला त्या दोराला हात लावायची बंदी होती; पोराने खेळ म्हणून घंटा वाजवली तर वरचा माणूस दिवा टाकून धावत येईल, म्हणून दीपगृहातल्या सगळ्याच मुलांना ती असते. आणि नंतर तिने इथे पाऊल ठेवलं नव्हतं.

ती फडताळापासून निघाली, गृहस्थांना बाजूला केलं आणि दोर धरला. ओढला आणि हातात धरून सावकाश वर जाऊ दिला. एक टोल. पुन्हा ओढला आणि सोडून दिला. दोन. दुसरा पहिल्यापेक्षा बारीक होता, नीट कान दिला तर कळण्याइतका. तिने पुन्हा तसंच केलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"झालं असेल तर घराचा समुद्राकडचा सज्जा बघून घ्या," मी सगळ्यांना म्हटलं. "बाहेरून उजवीकडे. चला, चला, वाट अडवू नका." माझा आवाज असा आहे की लोक ऐकतात. आम्ही तिघंच उरलो.

"तुम्हाला किती ऐकू आल्या होत्या?" ताईने विचारलं.

"दोन," मामा म्हणाला.

ताई हलली नाही. "मग सगळ्यांना एकदाच म्हणून का सांगितलंत?"

"ओढली एकदाच ना. दुसरा टोल दोर सोडल्याचा. तो वेगळा वाजतो. आम्हा लोकांना कळतो."

"म्हणजे मी ऐकलं ते बरोबर होतं."

"बरोबर होतं. तू दोन ऐकल्यास, दोनच वाजल्या."

"हे एवढं एक वाक्य तेव्हा सांगता आलं नाही?"

मामाने दोर नीट सरळ केला, लोक गेल्यावर करतो तसा. मला वाटलं, आता 'असेल' म्हणेल. तो म्हणाला, "ते सांगितलं तर पुढचं सांगावं लागलं असतं."

"काय पुढचं?"

"तुझ्या आईने कधी दोर सोडला नाही. लग्न होऊन आली तेव्हा शिकवलं, तेव्हापासून एकदाही नाही. त्या दिवशी सोडला. मी वर ऐकलं, की ओढली एकदा, म्हणजे जेवायला बोलावते आहे, आणि दोर सोडला. दुपारी आमची बोलाचाली झाली होती. मला वाटलं, अजून रागात आहे. माझ्यावर दोर आपटला. मग मीही म्हटलं, असू दे राग. आणि बसलो वर. काच पुसलेली होती, ती परत पुसली. उशिरा जावं म्हणून."

बाहेर सज्ज्यावर लोक हसत होते. आवाज चढला नव्हता त्याचा, उतरलाही नव्हता. बुटक्या दाराचं सांगतो त्याच आवाजात त्याने हे सांगितलं. मला रडायला आलं आणि मी पदराने तोंड दाबून धरलं. मी रोज त्याला बिनकाळजाचा म्हणत होते, आणि हा माणूस रोज त्या जागी उभा राहून परक्या लोकांना सांगत होता, दोर सोडू नका.

"कशावरून झाली होती बोलाचाली?" ताईने विचारलं.

"आठवत नाही," मामा म्हणाला. "पुष्कळ आठवून बघितलं. काहीतरी बारीकसं होतं."

"मला नंतर सांगायचं. मोठी झाल्यावर."

"तू कडी लावायचीस."

दोन म्हण, मग घर देते, असं ठरवून ती इतक्या लांबून आली होती. तो दोन म्हणाला होता आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली, घराला वळसा घालून मागच्या खोलीशी गेली आणि दार ढकललं. आम्ही तिच्यामागून गेलो. खाटेवर रिकाम्या पिशव्या एकावर एक ठेवल्या होत्या. तिने आपली बॅग खाली ठेवली, खुंटीवरचे त्याचे कपडे काढून खाटेवर टाकले आणि काही न बोलता पिशवीत भरायला लागली.

मामा दारातच उभा राहिला. स्वतःच्या खोलीत शिरायला त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"बाबा," ताई म्हणाली. ती पाठमोरी होती. "आईने जेवण केलं होतं म्हणजे."

"हो. दोघांची ताटं वाढून झाकून ठेवलेली होती. तुझी वाटी वेगळी."

"त्याचं काय झालं?"

"तुला शेजारच्यांनी नेलं होतं. तिला पोचवून आलो, लोक गेले. मग ताट उघडलं आणि जेवलो."

"तू जेवलास?" मी विचारलं.

"तिने बोलावलं होतं ना," मामा म्हणाला.

ताईच्या हातात त्याचा सदरा होता.

"गार झालं असेल," ती म्हणाली.

"हो. गारच होतं."

तिने सदऱ्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.